चाळीस मिनिटांतलं गाणं : प्राथमिक शाळेत संगीत कसं आलं आणि कुठे अडलं

आजचा भाग शाळेतल्या गाण्याचा आहे. मैफलीतल्या गाण्यावर आपण पुष्कळ बोलतो. पहिली ते पाचवीच्या वर्गात, जमिनीवर किंवा बाकावर बसलेल्या तीस-चाळीस मुलांना गाणं शिकवायचं कुणाच्या डोक्यात आलं, कुणी ते करून पाहिलं आणि मग त्याचं काय झालं, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही. ती आज सांगते.

सुरुवात एका वेळापत्रकापासून करू. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. अध्यक्ष होते महात्मा गांधी. तिथून डॉ. झाकिर हुसेन यांची समिती नेमली गेली आणि वर्ष संपण्याआधी तिनं अहवालही दिला. हीच ती 'वर्धा योजना', पुढे 'नई तालीम' म्हणून ओळखली गेलेली. त्या अहवालात शाळेचा दिवस मिनिटांत मांडला होता. एकूण साडेपाच तास. त्यात हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटं, मातृभाषेला ४० मिनिटं, समाजशास्त्र आणि सामान्य विज्ञान मिळून ३० मिनिटं, व्यायामाला १०, सुट्टीला १०. आणि उरलेली ४० मिनिटं तीन विषयांना मिळून होती : संगीत, चित्रकला आणि गणित.

या एका ओळीचे दोन अर्थ लागतात. एक असा, की संगीत गणिताच्या पंक्तीला बसलं. ते स्नेहसंमेलनापुरतं राहिलं नाही, रोजच्या अभ्यासाचा भाग झालं. दुसरा अर्थ शाळेत शिकवलेल्या कुणालाही लगेच कळेल. चाळीस मिनिटं तिघांत वाटायची आणि त्यातला एक गणित असेल, तर बाकीच्या दोघांच्या वाट्याला काय येणार? माझ्या लहानपणच्या शाळेत आठवड्याला एक संगीताचा तास होता. सहामाही जवळ आली की तो गणिताच्या बाईंना दिला जायचा. आम्हीही वहीची पानं उलटायचो आणि गाण्याचा तास होता हे विसरून जायचो. तुमच्यापैकी अनेकांच्या शाळेत हेच झालं असेल, मग शाळा इंदूरची असो, हैदराबादची असो की दिल्लीची.

म्हणजे कागदावर संगीत येऊन नव्वद वर्षं होत आली. मग आजही सरकारी प्राथमिक शाळेतल्या मुलाला सूर लावायला शिकवणारं कुणी का भेटत नाही? त्याचं उत्तर शोधायला आपल्याला १९३७ च्याही मागे जावं लागेल.

मुलांना गाणं शिकवायची रीत आपल्याकडे नवी नाही. दक्षिणेत कर्नाटक संगीत शिकणारं पाच-सात वर्षांचं मूल आजही ज्या पाठांनी सुरुवात करतं, ते पाठ परंपरेनं पुरंदरदासांच्या नावावर आहेत. पुरंदरदास सोळाव्या शतकातले, विठ्ठलाचे भक्त. मायामाळवगौळ रागात आधी सरळ स्वर, मग दुहेरी स्वर, मग तालांचे अलंकार, आणि त्यानंतर छोटी सोपी गीतं. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. लहान मुलाचा गळा काय पेलू शकतो याचा विचार त्या क्रमात आहे.

उत्तरेत रागसंगीत घराण्यात राहिलं. बापाकडून मुलाला, उस्तादाकडून शागिर्दाला. तिथंही मूल लहानपणीच शिकायचं, पण ते घरचंच मूल असायचं, किंवा गुरूच्या घरी राहून पाणी भरणारं, कपडे धुणारं. चारचौघांच्या मुलांनी, विशेषतः मुलींनी, गाणं शिकावं असं सभ्य म्हणवणाऱ्या घरांना वाटत नव्हतं. गाणारी बाई म्हटली की त्यांच्या डोळ्यांसमोर कोठा यायचा.

सूर मात्र शाळेत होताच, फक्त त्याला संगीत म्हणत नव्हते. पंतोजींच्या शाळेत पाढे चालीत म्हटले जायचे. पावकी, निमकी, दिडकी हे सगळं एका ठेक्यात. श्लोक वृत्तात म्हणायचे. उत्तर हिंदुस्थानातही पहाडे असेच घोकले जात. त्या शाळेत मारही होता आणि सगळ्यांना प्रवेशही नव्हता, तेव्हा तिचं गुणगान करायचं कारण नाही. पण तिथं शिकवणाऱ्याला आवाज वापरावाच लागायचा, एवढी गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे कामाला येईल.

आता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाकडे येऊ. १८७१ मध्ये कलकत्त्यात राजा शौरींद्रमोहन टागोर यांनी बंगाल म्युझिक स्कूल काढलं. १८७४ मध्ये पुण्यात गायन समाज स्थापन झाला. वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचं, तर चीज लिहून द्यायला हवी. आणि लिहायची कशी, यावरून त्याच वर्षी कलकत्त्यात वाद झाला. चार्ल्स बॅरन क्लार्क नावाचे इंग्रज अधिकारी होते. नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ, आणि हुद्द्यानं शाळांचे निरीक्षक. त्यांचं म्हणणं, युरोपातली पाच रेघांची स्वरलिपी घ्या. शौरींद्रमोहनांनी उत्तर दिलं की आमच्या संगीताला आमचीच अक्षरं पुरतात. वरवर हा लिपीचा वाद वाटतो. पण एक बाजू शाळांच्या निरीक्षकाची होती, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. गाणं शाळेच्या चौकटीत बसवायचा प्रश्न तेव्हाच उभा राहिला होता.

बारा वर्षांनी बडोद्याला त्याचं एक उत्तर मिळालं. १८८६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयानं मौलाबक्ष यांनी गायनशाळा सुरू केली. मौलाबक्ष मोठे गवई. म्हैसूर दरबारात त्यांचा सन्मान झाला होता आणि दाक्षिणात्य संगीत त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांनी स्वतःची स्वरलेखनाची पद्धत बसवली आणि तिच्यात पाठ्यपुस्तकं लिहिली. पुढे सूफी विचार घेऊन पश्चिमेला गेलेले इनायत खान हे त्यांच्या मुलीचे चिरंजीव, आणि त्यांचं बालपण याच वातावरणात गेलं. ती गायनशाळा वाढत वाढत आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची परफॉर्मिंग आर्ट्सची विद्याशाखा झाली आहे.

याच सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सगळ्या राज्याला लागू केला. म्हणजे एकाच राज्यात, एकाच राजाच्या काळात, दोन दारं उघडली. सगळ्या मुलांसाठी शाळा आणि सगळ्यांसाठी गायनशाळा. आणखी एक. शाळेत बसून हिंदुस्थानी संगीत शिकवण्याच्या या कामाच्या आरंभी एक मुसलमान उस्ताद उभे आहेत. पुढे संगीत 'शुद्ध' करून घराघरांत न्यायची भाषा सुरू झाली, तेव्हा ज्या उस्तादांनी आणि बाईजींनी ते जपलं होतं, त्यांना वर्गाच्या दारात फारशी जागा उरली नाही. मुलींना गाणं शिकता आलं, हा मोठा लाभ. त्याची किंमत कुणी मोजली, तेही विसरू नये.

आता ज्यांच्याशिवाय ही गोष्ट पुढे जात नाही, त्या विष्णु दिगंबर पलुस्करांकडे येऊ. जन्म १८७२, कुरुंदवाडचा. लहानपणी फटाक्यानं डोळे जायबंदी झाले, शाळेचा अभ्यास थांबला, म्हणून मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला आले. १८९६ मध्ये मिरज सोडलं आणि ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. कुठं कुरुंदवाड आणि कुठं लाहोर! राजाचा आश्रय न घेता, लोकांच्या वर्गणीवर आणि जलशांच्या उत्पन्नावर चालणारी संगीताची शाळा.

पलुस्करांनी पुस्तकं काढली, स्वतःची स्वरलिपी केली, छापखाना घातला. पण मला त्यांच्या कामातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते 'उपदेशक' वर्ग. काही मुलांना त्यांनी विद्यालयातच ठेवून घेतलं. राहणं-जेवण विद्यालयाचं, फी नाही. बदल्यात अनेक वर्षं शिकायचं, शिकता शिकता खालच्या वर्गांना शिकवायचं आणि तयार झाल्यावर गावोगावी जाऊन शाळा काढायच्या. म्हणजे गवई घडवणं हा मुख्य हेतू नव्हता. शिक्षक घडवायचे होते. त्यांच्या शिष्यांची नावं पाहा : विनायकराव पटवर्धन, ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, बी. आर. देवधर, नारायण मोरेश्वर खरे. यातले बहुतेक मैफलीत नावाजले, आणि शिकवत तर जन्मभर राहिले. तानसेन नकोत, कानसेन हवेत, हे बोलणं पलुस्करांच्या नावानं सांगितलं जातं. शब्द त्यांचे असोत-नसोत, काम त्याच दिशेचं होतं.

१९०८ मध्ये मुंबईला शाखा निघाली. इमारतीचं कर्ज डोक्यावर बसलं आणि १९२४ च्या सुमारास ती वास्तू हातची गेली. १९३१ मध्ये पलुस्कर मिरजेतच वारले. इमारत गेली, पण उपदेशक राहिले. त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. पुण्यात १९३२ मध्ये आणि दिल्लीत १९३९ मध्ये विद्यालयं निघाली. वास्तू बुडूनही काम टिकलं, कारण गुंतवणूक माणसांत झाली होती.

याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे दुसऱ्या बाजूनं काम करत होते. मुंबईचे वकील. देशभर फिरून त्यांनी उस्तादांकडून चिजा गोळा केल्या, लिहून काढल्या, रागांची दहा थाटांत मांडणी केली. त्यांच्या सहा भागांच्या पुस्तकमालेचं नावच 'क्रमिक'. त्यांची स्वरलिपी सोपी : कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. शाळकरी मुलालाही दहा मिनिटांत समजेल. १९१८ मध्ये ग्वाल्हेरला आणि १९२६ मध्ये लखनौला त्यांच्या प्रयत्नांतून महाविद्यालयं उभी राहिली. त्यांच्यामुळे गाणं पुस्तकातून प्रवास करू लागलं. पण पुस्तकातला कोमल गंधार मुलाला ऐकू येत नाही. तो कुणीतरी गाऊन दाखवावाच लागतो.

गाणं शाळेच्या दिवसात कसं मुरवायचं, याचं उदाहरण बंगालमध्ये घडत होतं. १९०१ च्या डिसेंबरमध्ये रवींद्रनाथांनी शांतिनिकेतनात पाच मुलांना घेऊन शाळा सुरू केली. तिथं गाणं एका तासात कोंडलेलं नव्हतं. सकाळ-संध्याकाळ गाणं, पाऊस आला की पावसाचं, वसंत आला की वसंताचं. रवींद्रनाथ रचत आणि दिनेंद्रनाथ ते मुलांना शिकवत. शास्त्रीय संगीत शिकवायला तिथं पंडित भीमराव शास्त्री होते, आपल्याकडचे. लाहोरला कुरुंदवाडचे पलुस्कर आणि शांतिनिकेतनात भीमराव शास्त्री : मराठी माणसानं देशभर जाऊन केलेल्या या कामाचा आपल्याला अभिमान वाटतो. वाटावाही. पण ही मंडळी गेली तिथं शिकवत राहिली, हे त्या अभिमानात हरवू नये.

आता पुन्हा वर्ध्याकडे जाऊ. गांधीजींच्या साबरमती आश्रमात संगीत शिकवायला पलुस्करांनी नारायण मोरेश्वर खरे यांना पाठवलं होतं. आश्रमाची भजनावली त्यांनी सिद्ध केली, मुलांना आणि मोठ्यांना एकत्र गायला शिकवलं, १९३० च्या दांडीयात्रेतही ते चालले. सामान्य गळ्याची माणसं रोज एकत्र गाऊ शकतात, हे गांधीजींनी तिथं वर्षानुवर्षं पाहिलं. म्हणून सप्टेंबर १९३७ मध्ये 'हरिजन'मध्ये त्यांनी प्राथमिक शिक्षणात संगीत असावं या मताला मनापासून पाठिंबा दिला. हाताला वळण लावणं जितकं गरजेचं, तितकंच आवाजाला लावणं, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्याच महिन्यात वर्धा परिषद भरली आणि संगीत अभ्यासक्रमात आलं. त्यात समूहगानावर भर होता, हातानं ताल धरण्यावर भर होता. महागड्या वाद्याची अट नव्हती. आणि फेब्रुवारी १९३८ मध्ये, हरिपुरा काँग्रेसच्या वेळी, खरे गेले.

इथं मला या इतिहासातला खरा अडसर दिसतो. आश्रमाला एक खरे मिळाले होते. देशातल्या हजारो खेड्यांतल्या शाळांना किती खरे लागणार होते? वर्धा योजनेनं विषय दिला, वेळ दिला. पण पलुस्करांनी उपदेशकांसाठी जे केलं, म्हणजे वर्षानुवर्षं पोसून शिकवणारी माणसं तयार करणं, ते प्राथमिक शाळेच्या गुरुजींसाठी त्या प्रमाणात कधी झालंच नाही.

स्वातंत्र्यानंतर गाणं शाळेतून दोन दिशांना निघून गेलं. एक दिशा क्लासची. प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा परीक्षा देशभर रुजल्या. बेळगाव, नागपूर, रायपूर, भोपाळ, कुठेही जा, संध्याकाळी पेटीवर अलंकार घोटणारी मुलं दिसतील. हे फार मोठं काम आहे. पण तिथं फी भरून यावं लागतं, आणि घरातल्या कुणाला तरी ते महत्त्वाचं वाटावं लागतं. ज्यांना परवडतं त्यांची सोय झाली, मग शाळेकडे मागणी करणारं कुणी उरलं नाही.

दुसरी दिशा प्रार्थनेची. सकाळच्या परिपाठाला सगळी शाळा गाते. १९७१ च्या 'गुड्डी' चित्रपटातली वाणी जयराम यांनी गायलेली प्रार्थना देशभरच्या शाळांत पोहोचली. संगीत कोकणातल्या वसंत देसाईंचं. १९७४ च्या 'एक अनेक और एकता' या लहानग्या चित्रपटातलं गाणं दूरदर्शनमुळे एका पिढीला पाठ झालं. त्याचंही संगीत देसाईंचं आणि शब्द विनयचंद्र मौद्गल्य यांचे. हे मौद्गल्य म्हणजे दिल्लीचं गांधर्व महाविद्यालय काढणारे, विनायकराव पटवर्धनांचे शिष्य. म्हणजे पलुस्करांची परंपरा टीव्हीच्या पडद्यावरून मुलांपर्यंत पोहोचलीच. पण परिपाठात मूल गातं आणि त्याचा सूर कुठे जातोय हे सांगणारं जवळ कुणी नसतं. तिथं गाणं होतं, शिकवणं होत नाही.

कायद्यानं काय केलं, तेही बघू. २००९ चा शिक्षण हक्क कायदा आणि त्याची अनुसूची वाचा. सहावी ते आठवीसाठी, शंभरावर मुलं असतील तर, कलाशिक्षणाचे अर्धवेळ शिक्षक द्यावेत असं म्हटलं आहे. पहिली ते पाचवीसाठी अशी तरतूदच नाही. ज्या वयात कान सर्वांत सहज तयार होतो, नेमकं तेच वय वगळलं गेलं. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं कलाशिक्षणाचा आग्रह धरला, २०२० च्या धोरणानं अभ्यासाचे विषय आणि अभ्यासेतर विषय ही भिंत काढायला सांगितली, २०२४ मध्ये एनसीईआरटीनं तिसरीसाठी 'बाँसुरी' हे कलांचं पाठ्यपुस्तक काढलं. पुस्तक आलं याचा मला आनंद आहे. पण पुस्तक आपल्याकडे १८८६ पासून आहे, मंडळी.

मग करायचं काय? प्रत्येक प्राथमिक शाळेत संगीत विशारद नेमा, एवढंच म्हणून मी थांबणार नाही. दोन-तीन शिक्षकांच्या शाळेत ते होणं अवघड आहे, हे मलाही कळतं. पण वर्गावरच्या बाई आणि गुरुजींना त्यांच्या प्रशिक्षणातच थोडं गाता यावं, एवढं मागता येतं. त्यांनी मैफल गाजवायची नाही. स्वतःचा षड्ज धरता यावा. मुलांचा गळा आपल्यापेक्षा वरचा असतो हे माहीत असावं. गुरुजींनी आपल्या काळी एकमध्ये गाणं सुरू केलं की मुलांचा आवाज खाली बसतो, मग ती बोलल्यासारखं म्हणतात आणि शेरा मिळतो, 'यांना सूरच नाही'. सूर असतो, पट्टी चुकलेली असते. टाळीनं सम दाखवता यावी. पाच स्वरांचा भूप आरोह-अवरोहात म्हणून घेता यावा. त्या भागातली ओवी, सोहर, गरबा, बिहू, जे मुलाच्या घरात आहे, ते वर्गात आणता यावं. पंतोजींना चाल लावता येत होती, तर आजच्या शिक्षकालाही ती शिकवता येईल.

पलुस्करांना, खऱ्यांना, भीमराव शास्त्रींना कुणी 'सगळ्यांना गळा नसतो' असं सांगितलं असेलच. त्यांनी ते मानलं नाही. ज्या मुलाचे आईवडील क्लासची फी भरू शकत नाहीत, त्या मुलासाठी शाळा ही एकच जागा आहे. तिथं त्याला सूर मिळाला नाही, तर बहुधा पुढे कुठेच मिळणार नाही.

तुमच्या मुलांच्या, नातवंडांच्या शाळेत जाल तेव्हा वेळापत्रक बघा. संगीताचा तास आहे का, हे विचाराच. आणि तो कोण घेतं, हेही विचारा.